पहिल्या तासातली फळं

७ एप्रिल, सोमवार

बॉबिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेव. फेकू मात्र नकोस, पुढेमागे मी काही कामाचंही लिहीन. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर काय बोलायचं ते मला सुचणार नाही. म्हणून हा कागद.

आज मी फळं कापली. एवढीच बातमी आहे. अडतीस वर्षं कारखान्यात कापड कापलं (तुझं 'बॉबिन' हे लाडाचं नावही तिथल्या शिलाई मशीनवरूनच पडलं), चोवीस-चोवीस थर एका वेळी, खडूच्या रेघेच्या सूतभर अलीकडे नाही की पलीकडे नाही. आणि आज एका सफरचंदाने माझी त्रेधा उडवली. कापड टेबलावर गप पडून राहतं. सफरचंद पळतं. एक फोड फ्रिजखाली गेली ती अजून तिथेच आहे.

झालं असं, की वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी डोकावल्या. ओट्यावर चहाचे तीन कप आणि बिस्किटांचा पुडा बघून म्हणाल्या, "मास्तर, दिवसभरात एवढंच?" मी म्हटलं, उन्हाने भूक लागत नाही. त्या वर गेल्या आणि पिशवी घेऊन खाली आल्या. अर्धं कलिंगड, दोन सफरचंदं, द्राक्षांचा घोस, लिंबू, पुदिना. "गॅस पेटवायचा नाही की काही नाही. दहा मिनिटांचं काम. फळं आधी फ्रिजमध्ये गार करा, मग कापा. आधी कापून गार करायला ठेवलीत तर पाणी सुटतं. वर लिंबू पिळा, चिमूटभर मीठ, पुदिन्याची पानं हाताने तोडून टाका, सुरीने कापली की काळी पडतात. आणि मिठाचा हात आखडता घ्या." मला दहाऐवजी चाळीस मिनिटं लागली. फळांचा बोल भरला. खाल्ला. गार होता, एवढं कळलं.

तुझी आई जाऊन अकरा महिने होत आले. लोक विचारतात, कसं वाटतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं वाटतं. गाल आपलाच असतो. कुणी बोट लावलं तर लावलं एवढं समजतं. मला रडू येत नाही आणि मला त्याची काळजीही वाटत नाही.

तुझ्या छोटीचे पुढचे दात आले का? मागे फोटोत नव्हते.

बाबा


१७ एप्रिल, गुरुवार

बॉबिन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

तुला एक सांगितलेलं नाही. मी अजून डायलिसिस सेंटरला जातो. सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठला, आईला न्यायचो तसाच. पहिल्या महिन्यात नुसते पाय वळायचे. दारात जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. एकदा सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, उभं राहायचं असेल तर आत येऊन बसा. दार अडतं." तेव्हापासून आत बसतो. नातेवाइकांसाठी भिंतीला प्लास्टिकच्या सहा खुर्च्या आहेत, त्यातली टोकाची. कुणाला पाणी दे, कुणाचा पाय चादरीखाली घे, कुणाचा चष्मा पूस. चार तास जातात.

तिथला रिवाज तुला माहीत आहे का? तू आलीस की आईजवळ बसायचीस, पण नेहमी शेवटच्या तासाला पोचायचीस. रिवाज पहिल्या तासाचा आहे. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात सिस्टर प्रत्येकाला एक पथ्याबाहेरची गोष्ट थोडीशी खाऊ देतात. रक्त धुतलं जात असतं, तेवढं निघून जातं. डॉक्टरांनी मान डोलावलेली आहे. आठवडाभर ज्याला केळं, संत्रं, खरबूज, टोमॅटो यांतलं काही दिसत नाही, तो त्या तासात त्याची एक फोड खातो. तुझी आई रविवारीच ठरवून ठेवायची, उद्या काय खायचं ते. बहुतेक वेळा खरबूजच ठरायचं. आणि फोड खाऊन झाली की बोटं चोखायची, लाज सोडून.

तर गेल्या सोमवारी मी डबा नेला. पहिल्या तासाचा. आठजण होते, आठ द्रोण. प्रत्येकात खरबुजाच्या दोन, कलिंगडाची एक, संत्र्याची एक फाक, बिया काढून. सिस्टरनी प्रत्येक द्रोण बघितला, दोन द्रोणांमधून एकेक फोड उचलून स्वतः खाल्ली आणि म्हणाल्या, "आता बरोबर झालं." तिसऱ्या खाटेवर एक निवृत्त बस ड्रायव्हर असतात. धिप्पाड माणूस, आता कातडी सैल झाली आहे. फोड डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "मास्तर, ही फोड आहे की शर्टाचं बटण?" मी म्हटलं, सगळ्यांना सारखा माल. म्हणाले, "मग माझं माप चुकीचं घेतलंय तुम्ही." सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण शेजारची बाई माझ्याकडे बघून हसत होती.

तू माझ्याशी बोलणं सोडलंस त्याला या महिनाअखेरीस... जाऊ दे. ते तू बरोबरच केलंस.

बाबा


२४ एप्रिल, गुरुवार

बॉबिन,

आज फ्रिज पुसला. दारावर तू लावलेला कागद अजून आहे. आहारवाल्या बाईंनी सांगितलेलं तू मोठ्या अक्षरात उतरवून दिलं होतंस. 'चालेल' खाली सफरचंद, पेर, अननस, द्राक्षं. 'चालणार नाही' खाली लांबलचक यादी, खरबुजाखाली दोन रेघा. आणि सगळ्यात खाली, 'दिवसाला लहान अर्धी वाटी. बाबा, अर्धी म्हणजे अर्धी.' कागद काढायला गेलो तर चिकटपट्टीबरोबर रंग निघायला लागला, म्हणून राहू दिला.

त्या शनिवारी तू आली होतीस. ऊन इतकं होतं, की छोटीला तू ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतंस. आईला जेवण जात नव्हतं. तू सफरचंद, पेर आणि अननस कापलास, मोठा निळा बोल शिगोशीग भरलास आणि म्हणालीस, "दोन दिवस पुरवून खा गं." पाचच्या गाडीने गेलीस. सोमवारी पहाटे आई उठलीच नाही. दवाखान्यात नेलं, तू धावत आलीस, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर पॅसेजमध्ये आले. पोटॅशियम फार वाढलं, हृदयावर गेलं, म्हणाले. मग विचारलं, "दोन दिवसांत काय खाल्लं होतं त्यांनी?"

मी म्हणालो, "मुलीने शनिवारी बोलभर फळं खाऊ घातली."

मावशी होती, तुझा काका होता, वहिनी होत्या. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू बोटांवर काहीतरी मोजत होतीस.

हे सगळं तुला माहीत आहे, मग कशाला लिहितोय कोण जाणे. मोजायला बसलं की मलाही इथपर्यंत सगळं नीट आठवतं.

बाबा


८ मे, गुरुवार

बॉबिन,

आज सेंटरवर तमाशा झाला आणि तो मी केला.

ड्रायव्हर काकांनी पहिल्या तासातला द्रोण चाटूनपुसून संपवला आणि मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, डब्यात उरलंय का?" उरलं होतं, चांगलं अर्धं खरबूज. "मला बांधून द्या. रविवारी खाईन. आता गुरुवार, पुढचं मशीन सोमवारी. चार दिवस नुसतं तोंड कोरडं. बायको पाण्याचे घोटसुद्धा मोजते. रविवारी दुपारी ती झोपते, तेव्हा खाईन. कुणाला कळतंय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. सिस्टर दहा पावलांवर होत्या. पण त्यांनी माझा हात धरला होता, आणि म्हणाले, "अहो, एक दिवस मला पेशंट नका समजू. माणूस समजा."

मी डबा बंद करून त्यांच्या पिशवीत ठेवला. माझ्या हाताने. चादरीखाली लपवली पिशवी. मग जाऊन माझ्या खुर्चीत बसलो आणि समोरच्या मशीनची चाकं बघत राहिलो. तीन तास बघत होतो. साडेबाराला त्यांची नळी काढली, चिकटपट्टी लावली, बायको त्यांना हात देऊन दारापर्यंत घेऊन गेली. पिशवी तिच्या खांद्याला.

मी मागून गेलो. पळालोच म्हण. पायऱ्यांवर गाठलं आणि म्हणालो, "वहिनी, पिशवीत खरबूज आहे. काढून घ्या. मी दिलंय."

ड्रायव्हर काकांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बस चालवणाऱ्या माणसाचा आवाज, सगळा जिना गोळा झाला. दगाबाज हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. पण त्यांची बायको नुसती माझ्याकडे बघत होती. डबा काढून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ, दिलंत कशाला, आणि दिलंत तर सांगायला कशाला आलात?"

मी तिला उत्तर दिलं. एका वाक्यात. सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. जिना रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, हे मला ऐकवून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगितलंत का?"

त्यांच्या बायकोला मी काय उत्तर दिलं ते उद्या लिहितो. आज हात चालत नाही.

बाबा


९ मे, शुक्रवार

बॉबिन,

मी म्हणालो होतो, "माझ्या बायकोला रविवारी खरबूज मीच दिलं होतं."

आता सगळं क्रमाने लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा मूग गिळून वर्षभर बसेन.

तू शनिवारी भरलेल्या बोलमधल्या आईने दोन फोडी खाल्ल्या. पेराच्या. म्हणाली, पोरीने कापलंय म्हणून खाते, चव काही कळत नाही. बाकीचा बोल मी संपवला, थोडा शनिवारी संध्याकाळी आणि उरलेला रविवारी सकाळी, न्याहारीऐवजी. बोल मीच घासून उपडा घातला. तू ठरवून दिलेल्या अर्ध्या वाटीच्या अर्ध्याचीही अर्धी आईच्या पोटात गेली नव्हती.

रविवारी दुपारी बाराला आई म्हणाली, "अहो, मला खरबूज हवंय." मी म्हटलं, उद्या पहिल्या तासात. ती म्हणाली, "उद्या एक फोड मिळेल. मला फोड नकोय. मला खरबूज हवंय. दोन वर्षं तुम्ही माझं पाणी मोजताय, फळं मोजताय, मीठ मोजताय. आज एक दिवस मला पेशंट समजू नका." चिडून नव्हती म्हणाली. चिडली असती तर मी ऐकलं नसतं. नेहमीच्या आवाजात म्हणाली.

मला सगळं माहीत होतं. तुझा कागद समोर होता, खरबुजाखालच्या दोन रेघाही. मी चप्पल घातली, कोपऱ्यावरून पिकलेलं बघून आणलं, अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि कापलं. जाड, वेड्यावाकड्या फोडी, साल तशीच ठेवून, तिला आवडतात तशा. तिने जवळजवळ अख्खं खाल्लं. वर एक संत्रंही. रस कोपरापर्यंत ओघळत होता. मी समोर बसून बघत होतो. मध्येच म्हणाली, "तुम्हीही घ्या ना." मी घेतलं नाही, म्हटलं तुला कमी पडेल. खाऊन झोपली. संध्याकाळी उठली, पाय जड वाटतात म्हणाली. मी दाबून दिले. मला तेव्हाच कळलं होतं की सेंटरला फोन करायला हवा. केला नाही, कारण पहिला प्रश्न 'काय खाल्लं' हाच आला असता. म्हटलं, रात्र निघेल, सकाळी आठला मशीन आहेच.

खरबुजाने गेली की पायांकडे मी कानाडोळा केला म्हणून गेली की जायचीच होती, ते मला माहीत नाही. डॉक्टरही नक्की सांगता येणार नाही म्हणाले होते. पण त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला पाठ होतं, आणि मी दुसरंच दिलं. शनिवारचं दिलं. ते खोटंही नव्हतं. बोल तू भरला होतास. फक्त तो खाल्ला कुणी ते मी सांगितलं नाही.

आमच्या कटिंग खात्यात एक पद्धत होती. ज्याच्या हातून रेघ सुटली त्याने बंडल शिलाईला जायच्या आत स्वतःच्या नावाची चिठ्ठी त्या बंडलात टाकायची. शिव्या बसायच्या, पण शिलाईवालीच्या माथी ते खापर फुटायचं नाही. अडतीस वर्षांत मी अकरा चिठ्ठ्या टाकल्या. एकही चुकवली नाही. पॅसेजमध्ये तोंड उघडताना ती पद्धत मला आठवलीसुद्धा नाही. तू समोर होतीस आणि मी भित्रा निघालो, बस.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागण्याआधी अजून काम बाकी आहे.

बाबा


११ मे, रविवार

बॉबिन,

कालचा दिवस आणि आजची सकाळ त्यात गेली. पॅसेजमध्ये तुझ्याशिवाय चौघं होती. चौघांना सांगून आलो.

आधी वहिनी. वर जाऊन दारातच सांगितलं. त्या कणीक मळत होत्या, मळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी पोरीकडे मी कसं बघितलं असेल हो." आणि दार लोटून घेतलं. डॉक्टरांना दवाखान्यात गाठलं. त्यांना आई नीटशी आठवेना. नाव सांगितलं, तारीख सांगितली, तेव्हा म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तुझा काका अर्धा तास माझ्यावर ओरडला आणि मग रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मला वाटलं, आता मलाही रडू येईल. आलं नाही.

शेवटी मावशी. तिला सांगताना मी खाली बघत होतो. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, मला सांगितलंत ते ठीक. पण तिकडे त्या पोरीचं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, की मी चारचौघांत तुझ्यावर ढकललं म्हणून तू रागावलीस, आणि रागाने फोन उचलत नाहीस. वर्षभर मी त्या रागाच्या आडोशाला बसलो होतो. मुलगी रागावली आहे, काळाने निवळेल, असं म्हणत चहा पीत होतो.

मावशी म्हणाली, तू वर्षभरात घरात फळ आणलं नाहीस. छोटीने मागितलं तर म्हणतेस, आपल्याला सोसत नाहीत. शाळेत कुणाच्या वाढदिवसाला फळं वाटली, तर छोटी हात मागे घेऊन म्हणाली, माझ्या आईने आजीला फळं दिली आणि आजी मेली. हे तिला कुणी सांगितलं असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, आई झोपेत बोलते.

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मी बसलो होतो. इंजेक्शन तेव्हा उतरलं. बारा महिन्यांत पहिल्यांदा मला दुखलं, बॉबिन, इतकं की मावशीने फॅन मोठा केला आणि माझ्या शर्टाची बटणं सोडली. बायको गेल्याचं दुःख त्यात किती होतं ते मला वेगळं काढता येत नाही. तू माझ्यावर रागावलीच नव्हतीस, मला तोंड दाखवायची तुलाच लाज वाटत होती. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. बाबा म्हणाले म्हणजे तसंच असणार, असं धरून बोटांवर फोडी मोजत बसलीस, आणि अजून मोजते आहेस.

उद्या सोमवार आहे, पण मी सेंटरला जाणार नाही. सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. आधीची पाच पत्रं उघडली असशील की नाही, माहीत नाही. हे सहावं पेटीत टाकत नाही, हातात घेऊन येतोय. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी ते फटीतून आत सरकवीन आणि जिन्यात उभा राहून सगळं मोठ्याने म्हणेन, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं, कारण तेव्हाही मी चारचौघांतच बोललो होतो. छोटीला त्या वेळी कुठे पाठवू नकोस. तिच्यासमोरच मला म्हणायचं आहे, की आजीला ते आजोबांनी दिलं, तुझ्या आईने नाही.

मग तू रागाव. मी जिन्यातच थांबेन.

बाबा